वळणावरचा झिरा

अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, दोन गोष्टींचं वेड होतं: गाड्यांच्या शर्यती आणि माइक. पोटापाण्याला गावच्या दूध संस्थेत दूध मापायचे, पण जीव अडकलेला मोटारसायकलीत अन् घरच्या भोंग्यात. एकदाच मद्रासकडं जाऊन खऱ्या शर्यती बघून आले, तर पुढं वर्षभर तोंडानं गिअर बदलत हिंडले. तबकडीवरचं गाणं त्यांना शिळं वाटायचं. समोर माणूस पाहिजे, त्याचा दमसुद्धा भोंग्यातून ऐकू आला पाहिजे. माइकपुढं उभ्या राहिलेल्या माणसाचा आवाज मधेच तोडायचा नाही, हा त्यांचा नेम. पुढाऱ्याचा तोडला नाही अन् दारुड्याचाही नाही. असला माणूस मला बाप म्हणून मिळाला, अन् मी त्याचं काय केलं ते सांगते.

भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात बायाबापड्यांनी माती वाहून बांधलेला पाझर तलाव ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडला. बायांनी त्याच्या पोटात झिरे खणले. कमरेएवढा खड्डा, तळाला पाझरेल तेवढं पाणी वाटीनं हंड्यात भरायचं. जिनं खणला तिचा झिरा. वर बाभळीच्या काट्या झाकून ठेवायच्या. आमचा झिरा लई चिंगूस. शाळा सुटली की मी त्यात उतरून बसायची, अन् एक हंडा भरेपर्यंत दिवस कलायचा. त्या खड्ड्याचा मला असा राग यायचा, काय सांगू.

अण्णांना मात्र ते तळं बघून हुरूप आला. एवढं सपाट मैदान परत मिळायचं नाही, म्हणाले. भूम-वाशीकडच्या चारपाच मोटारसायकलवाल्यांना सांगावा धाडला, चुन्याची फक्की टाकून मोठा गोल आखला. लोक पाण्याला तरसलेत अन् तुम्हाला खेळ सुचतोय, असं आई म्हणाली. अण्णा नुसते हसले.

शर्यतीच्या सकाळी वळणावर एक झिरा आडवा आला. बाकीचे सगळे पलीकडच्या अंगाला होते. हा कुणाचा अन् यात पाणी आहे का, असं अण्णांनी मला विचारलं. गावातल्या एकाही बाप्याला आपल्या घरचा झिरा ठाऊक नव्हता. पाणी आणणं बायांचं.

मी म्हणाले, "आटलाय कवाच. कुणी येत न्हाय हितं."

त्यांनी काट्यांखाली डोकावलंही नाही, फावडं घेतलं अन् खड्डा बुजवून पायानं दाबला. दोन घमेली माती मीही टाकली, हौसेनं.

दुपारी अख्खं गाव बांधावर जमलं. माइक वळणाशी बांबूला बांधलेला, भोंगे बांधावर. गाड्या फिरायला लागल्या तसा तो आवाज छातीत घुमायला लागला. अण्णांचा चेहरा इतका खुललेला मी परत कधी बघितला नाही. पहिला फेरा संपून इंजिनं बंद झाली, तेवढ्यात आई रिकामा हंडा घेऊन वळणावर आली. इकडंतिकडं बघितलं, जमीन पायानं चाचपली, अन् थेट माइकपुढं उभी राहिली.

"माझा झिरा बुजवलाय. ज्यानं बुजवला त्यानं फुडं यावं."

सगळ्या तळ्यात तेवढंच ऐकू आलं. अण्णांचा हात भोंग्याच्या मशीनच्या खटक्यावर होता. त्यांनी तो दाबला नाही. माझ्याकडं एकदा बघितलं, अन् माइकपाशी गेले.

"म्या बुजवला."

कुणाच्या सांगण्यावरून, ते बोलले नाहीत. तिथंही नाही, घरीही नाही.

शर्यत तिथंच मोडली. अण्णांनी दोन दिवस एकट्यानं तिथं खणलं, पण बुजलेला पाझर काही परत लागला नाही. आई मैलभर लांबच्या विहिरीला जायला लागली. गाडीवर बस, हंडे मी धरतो, असं अण्णा रोज विनवायचे. ती बसायची नाही.

पंधरवड्यानं उन्हानं तिला ताप भरला. दवाखाना धाराशिवला, एसटी फाट्यावर. अण्णांनी गाडी दारात आणून उभी केली. आई गाडीच्या बाजूनं निघून चालायला लागली. अण्णांनी इंजिन बंद केलं अन् गाडी हातानं ढकलत तिच्या मागं निघाले, ती चक्कर येऊन पडली तर गाडी जवळ असावी म्हणून. मी दोघांच्या मधे होते. फाट्यापर्यंत सांगायला पुष्कळ वेळ होता. मी सांगितलं नाही.