गप्प आलेल्या काकी

बहिणीच्या चुलतसासूला मी गप्प केलं, हा माझा गाढवपणा. कोरेगाव तालुक्यात या काकींइतक्या मोठ्या गळ्याची बाई झाली नाही, होणारही नाही. शेजारी मीठ मागायला निघाल्या तरी गल्लीच्या तोंडापासून पुकारा, "मीठ न्यायला आलीया गं!" वाटी परत करायची असो की नुसतं टेकायचं असो, येण्याचं कारण आधी पोचणार, काकी मागाहून. एकदा तर "उगंच आलीया!" असंही ओरडल्या. म्हशी बुजत, पाहुणे दचकत. कुपवाडच्या कारखान्यात लेथच्या खडखडाटात जन्म काढलेला मी, पण मलाही कानात बोटं घालावीशी वाटत.

सरहद्दीवर तोफा सुरू झाल्या त्या आठवड्यात मी बहिणीला आधार द्यायला गेलो. म्हणजे दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या बघत तिच्या हातचा चहा प्यायलो. दाजी फौजेत, तिकडेच होते, फोन लागत नव्हता. दुपारी तिचा जरा डोळा लागला आणि बघतो तर काकी गल्लीत वळताहेत. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, तोंडावर बोट ठेवलं.

"अरं सोड, मला वरडू दे," त्या कळवळून म्हणाल्या.

"शूः!" म्हणत, चोरपावलांनी मी त्यांना दारात आणलं.

बहीण उठून बसली होती. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं. रडली नाही. पोरीला मांडीवर ओढलं आणि विचारलं, "कवा?"

"आगं न्हाई गं बया! इरजण मागाया आलीया, इरजण!" काकींच्या आवाजाने पत्रे थरथरले.

मग मला कळलं. सरहद्दीवरून कुणाची वाईट खबर आली की सरपंच आधी काकींना गाठतात, आणि त्या घरी काकी एकट्या जातात, बिनआवाजाच्या. त्यांचा नवरा लढाईत गेला तेव्हा एका बाप्याने बांधावरूनच ओरडून सांगितलं होतं. त्या रानात तण भांगलत होत्या. तेव्हापासून हे काम त्यांनी कुणाला करू दिलेलं नाही. वेशीवरच्या फरशीवर लढाईत गेलेल्यांची नावं आहेत, सगळी बाप्यांची.

"आत गेल्यावर बोलता काय?" मी विचारलं.

"बोलायचं काय असतंय? चूल इझवायची नि बसायचं."

काकी गेल्या. फोन अजून आला नव्हता. मी बहिणीला म्हटलं, "राहू का अजून दोन दिवस?"

"जा दादा तू कुपवाडला," ती म्हणाली. "मी भीत बसू, का तुला जेवाय घालू?"