वैरागच्या मावशींची सही

सिस्टरला घर मिळणार की नाही, हे वैराग गावच्या एका बाईच्या सहीवर येऊन थांबलं होतं, आणि असल्या सह्या बायकांनी करू नयेत असं पत्रक मीच लिहून वाटलं होतं.

नावं लिहीत नाही. एकीला सिस्टर म्हणते, कारण ती नर्स आहे आणि वॉर्डात तिला सगळे तेच म्हणतात. दुसरीला मुन्शी म्हणते, कारण ती दस्त तयार करून देणाऱ्या वकिलाकडे टायपिंग करते आणि आम्ही तिला त्यावरूनच चिडवतो. मी एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर लावते. अकरावीत आम्ही तिघी एका बाकावर आलो. एकीच्या घरी तेलुगू, एकीच्या घरी दखनी, माझ्या घरी मराठी. भांडायला मात्र सोलापूरची मराठी तिघींनाही पुरली.

माझे वडील सूतगिरणीत होते आणि त्याहून जास्त युनियनमध्ये. घरात वह्या कमी, उरलेली पत्रकं जास्त. एका बाजूला मागण्या छापलेल्या, दुसऱ्या कोऱ्या बाजूवर माझे पाढे. मी वाचायला शिकले तीच 'कामगार बंधूंनो' पासून. त्यामुळे अन्याय दिसला की मला पहिल्यांदा कागद सुचतो. दोन वर्षांपूर्वी मी असंच एक पत्रक काढलं होतं, हक्कसोडीविरुद्ध. बहिणीनं वडिलोपार्जित घरादारातला आपला वाटा भावाच्या नावे सोडल्याचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. आमच्याकडे त्यासाठी बहिणीला जेवायला बोलावतात, साडी देतात आणि दुपारी रजिस्ट्रार ऑफिसला नेतात. कायद्यानं दिलेलं एका जेवणात परत घेतात, आणि त्याला माया म्हणतात. पिवळ्या कागदावर मी मोठ्या टाइपात छापलं होतं: 'बहिणींनो, साडी घ्या. पोटभर जेवा. सही करू नका.' त्यातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही.

सिस्टर आणि तिची अम्मा एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. भिंतीपलीकडे यंत्रमाग. मालकाला आणखी दोन माग टाकायचे होते, म्हणून त्यानं दिवाळीपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं होतं. अम्मानं आयुष्यभर विड्या वळल्या, अजूनही वळते. घरं बघायला आम्ही तिला घेऊन जायचो, तर ती नळ बघायची नाही, संडास बघायची नाही. उजेड बघायची. अशा सात-आठ घरांनंतर एक बैठं घर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. अम्मा ओट्यावर मांडी घालून बसली, मांडीवर विड्यांचं सूप असल्यासारखे हात हलवून बघितले आणि म्हणाली, "इथं पाच वाजेपर्यंत दिवा नको." सिस्टरनं घर तिथंच ठरवलं.

घर विकणाऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बायको वारलेली. घर विकून ते पुण्याला मुलाकडे जाणार होते. सिस्टरचं कर्ज मंजूर झालं, मंजुरीचं पत्र महिनाअखेरपर्यंतचं. तिची नोकरी कंत्राटी. कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं, आणि पुढचं हातात येईपर्यंत बँक नवा अर्ज घेणार नव्हती. म्हणजे घर या महिन्यात, नाहीतर मग कधी ते कुणालाच माहीत नाही.

आणि बँकेच्या वकिलाला उताऱ्यावर दोन नावं सापडली. मामांचं आणि त्यांच्या बहिणीचं.

"माजी भन हाय ती, वैरागला दिलीया," मामा म्हणाले. "सोडून देती म्हनली हाय की. येत्या बुधवारी जेवायला बलावतो, हक्कसोड करून टाकू." मग जरा घुटमळून सिस्टरला म्हणाले, "आमच्यात बाईमानूस न्हाय आता. साडीचं तेवडं तुमी बगा."

बाहेर आल्यावर सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी ड्यूटी आहे. साडी तू आण."

"मी? मी साडी आणू?"

"का? साडी विकत घेऊ नये असंपण लिहिलंयस का पत्रकात?"

"हौ, लिखीच होगी ये," मुन्शी म्हणाली.

"तुम्हाला चेष्टा सुचते. ती बाई बिनवाट्याची राहणार."

"आणि मी बिनघराची," सिस्टर म्हणाली. "तू कुणाची मैत्रीण आहेस तेवढं सांग, मग मी दुसऱ्या कुणाला साडी सांगते."

मी चाटी गल्लीत गेले आणि गर्द हिरवी इरकल घेतली. स्वतःचा इतका राग आला होता की घासाघीस करायचीही विसरले. साडी, खण आणि नारळ अम्माकडे नेऊन दिलं. आधीच्या आठवड्यात अम्माला सामान बांधायला कागद हवे होते, म्हणून मी छापखान्यातल्या रद्दीचा एक गठ्ठा दिला होता. रद्दीत काय काय आहे ते बघितलं नव्हतं. अम्माला तेलुगू वाचता येतं. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. तिनं गठ्ठ्यातला सगळ्यात चांगला कागद निवडला, पिवळा, जाड, एका बाजूनं कोरा. कोरी बाजू वर ठेवून त्यात साडी नीट गुंडाळली आणि दोरा बांधला.

बुधवारी मावशी एसटीनं मामांकडे आल्या; आम्ही तिघीही तिथंच होतो. मामांची बहीण, म्हणून आम्ही मावशी म्हणालो. अंगणवाडीत सेविका होत्या, आता निवृत्त. जेवणाआधी शेजारच्या काकूंनी त्यांना कुंकू लावलं आणि पुडकं मांडीवर दिलं. मावशींनी दोरा सोडला. कागद उलगडला तेव्हा त्यांच्या आधी मी ओळखला.

मावशी वाचायला लागल्या. ओठ हलत होते. खालपर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या.

"काय गं, काय वाचतीस? बिल हाय का?" मामांनी विचारलं.

"व्हय, बिलच हाय." मावशींनी कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

मग त्या जेवल्या. चांगल्या जेवल्या, आमटी दोनदा घेतली. ताटं उचलल्यावर मुन्शीनं हक्कसोडपत्र पुढे केलं, तशा म्हणाल्या, "आज न्हाय. चष्मा न्हाय आनला."

"मगा तर वाचत हुतीस की!"

"त्ये मोट्या अक्षरात हुतं."

साडी पिशवीत घालून त्यांनी पाचची गाडी गाठली.

संध्याकाळी खोलीवर सिस्टर माझ्यावर तुटून पडली. "मुद्दाम केलंस तू."

"नाही. शपथ."

अम्मा मध्येच म्हणाली, "कागद चांगला होता ना? कोरी बाजू वर ठेवली मी." काय छापलं होतं ते मुन्शीनं तिला सांगितलं, तर अम्मानं तोंडावर हात धरला. मुन्शीला हसू आवरेना. सिस्टर हसली नाही.

"बरं, चूक अम्माची," ती मला म्हणाली. "पण तुला आनंद झाला. मी बघत होते. मावशी 'आज न्हाय' म्हणाल्या तेव्हा तू हसलीस. माझं घर चाललं होतं आणि तू हसलीस."

हे खरं होतं. मी निघून आले.

तिनं चार दिवस माझा फोन घेतला नाही. मीही तिसऱ्या दिवसानंतर करायचा थांबवला. माझं तत्त्व बरोबर होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण तत्त्व माझं, आणि त्यापायी बिनघराची होणार अम्मा. हा हिशोब मला कुठल्याच बाजूनं जुळवता येत नव्हता.

शनिवारी मुन्शीचा फोन आला. "उद्या वैरागला जायचंय. सिस्टर येतेय, तू पण चल. तूच लिहिलंस ना? तूच बोल."

एसटीत सिस्टर खिडकीशी बसली, मी दाराशी, मुन्शी मधल्या सीटवर दोघींना आळीपाळीनं पेरू देत. वैरागला मावशी पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्हाला बघून आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिघींच्या पुढ्यात शेंगांची एक एक रास ढकलली. "बोलता बोलता हात चालू द्या. कुनी लिवलंय ते?"

"मी," मी म्हणाले.

"चांगलं लिवलंय. पन अर्धंच लिवलंय की गं. सही करू नका. बरं, न्हाय केली. मग? भाऊ हितं यिऊन वरडून गेला. ही पोरगी दारात उबी. फुडं काय करायचं ते कुटं लिवलंय?"

"जागा नव्हती," मी म्हणाले.

सिस्टर फस्सकन हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

मुन्शीनं शेंगा बाजूला ठेवल्या. "मावशी, हक्कसोड नकोच. तुम्ही दोघं मिळून विका. खरेदीखतावर 'लिहून देणार' म्हणून दोन नावं. बँक चेक पण दोन काढेल."

"म्हंजे मी सोडलं न्हाय, इकलं?"

"हो. विकलं."

ही वाट मला सुचायला हवी होती. हक्कसोडीविरुद्ध लिहिताना मी पाच कायदे वाचले होते, पण रोज दस्त टाइप करणाऱ्या मैत्रिणीला एकदाही विचारलं नव्हतं.

मावशींनी सिस्टरकडे बघितलं. "आमचा दादा लई हेकट हाय. तो न्हाई म्हनला तर घर जाईल तुजं. चालंल?"

सिस्टरनं हातातली शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले, आणखी एक फोडली. 

"चालेल," ती म्हणाली. "नाहीतर अम्मा त्या ओट्यावर बसेल आणि मला रोज तुम्ही आठवाल."

मामा अपेक्षेप्रमाणे कडाडले. मुन्शीला म्हणाले, तुमच्यासारख्या पोरींनी घरं फोडली. मुन्शी शांतपणे म्हणाली, "मामा, दुसरं गिऱ्हाईक आणा. उताऱ्यावर नावं दोनच राहतील." दोन दिवस त्यांनी कुणाचा फोन घेतला नाही. अम्मानं बांधलेलं सामान सोडायला सुरुवात केली, कारण रोजची पातेलीही त्यात गेली होती. तिसऱ्या दिवशी मावशींनीच भावाला फोन केला. दोघं काय बोलले ते आम्हाला माहीत नाही. ठरलं ते असं: दोघं मिळून विकणार, मावशींना तिसरा हिस्सा.

मी लगेच मावशींना फोन लावला. "मावशी, कायद्यानं अर्धा..."

"आईचं सात वर्सं त्यानं केलं. हागनंमुतनं सुदीक. मी पाव्हनीवानी यायची."

"पण कायदा..."

"कायदा तुजा. आई माजी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

महिना संपायला दोन दिवस असताना सिस्टरचा फोन आला. "उद्या अकराला रजिस्ट्रार ऑफिसला ये. आधार कार्ड आण."

"कशाला?"

"साक्षीदार."

"त्यात तिसरा हिस्सा लिहिलाय," मी म्हणाले.

"माहितेय. म्हणून तर विचारतेय. नको असेल तर सांग, मुन्शीच्या ऑफिसातला शिपाई आहे."

मी गेले. ऑफिसात अंगठ्याचं यंत्र आहे. मामांचा अंगठा लागला, मावशींचा लागला, सिस्टरचा लागला. घर मायलेकींच्या नावे होणार होतं, म्हणून मग अम्मा. तिचा अंगठा लागेना. चाळीस वर्षं तंबाखू आणि पानं चोळून त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. कारकुनानं अंगठा पुसायला लावला, मग दुसरा, मग बोटं. मागे रांगेतले लोक पुढे वाकून बघायला लागले. अम्मा प्रत्येक वेळी "सॉरी सर" म्हणत होती. कसलं सॉरी? मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात सिस्टरनं वळून माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले. डाव्या हाताची करंगळी लागली. अम्मानं खाली तेलुगूत सही केली, सावकाश, एक एक अक्षर.

साक्षीदाराच्या रकान्यात मी सही केली. तो तिसरा हिस्सा मला पटलेला नव्हता, अजूनही पटलेला नाही, आणि हे मी मावशींना तिथं व्हरांड्यात पुन्हा सांगितलं. "बरं, लिव मग," एवढंच त्या म्हणाल्या आणि मामांच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. दोघांत एका माणसाची जागा सोडून.

तासाभरानं शिक्के मारलेला दस्त मिळाला. सिस्टरनं उभ्या उभ्या पानं उलटली, स्वतःचं नाव शोधलं, मग अम्माचं. ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. मग आमच्याकडे बघून विचारलं, "आता काय करायचं असतं?"

"घरी जायचं असतं," मुन्शी म्हणाली. "चावी माग."

सिस्टर मामांकडे चावी मागायला गेली.