परबकाकांचे दात

परबकाकांनी माझी गिटार हातात घेतली, एक तार छेडली आणि गिटारीच्या कडेला सरळ दात लावले. मी त्यांच्या दारात पहिल्यांदाच उभी होते. गिटार जपानी होती, जुनी घेतलेली, पण माझा तिच्यावर जीव होता. ती अशी कणसासारखी तोंडात धरलेली पाहून मी ओढून घ्यायला हात पुढे केला. डोळे मिटून, मान तिरकी करून ते तसेच उभे राहिले. मग गिटार खाली ठेवून म्हणाले, "प्लायवूड आसा गो. रंग मात्र झकास काढल्यान. हिका दुरुस्त करूचा नाय. मी तुका नवी करून देतंय."

मुलुंडला आम्ही ज्या इमारतीत राहायचो तिच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला परबकाका आणि काकी राहत. मूलबाळ नव्हतं. काका भांडुपच्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, ते काम. कारखान्याला टाळं लागलं, आणि पुढचं काय या विवंचनेत असतानाच कोणीतरी मोडकी इलेक्ट्रिक गिटार त्यांच्याकडे टाकून गेलं. काकांनी ती उघडली, उलटीसुलटी केली आणि तिच्यासारखी दुसरी केली. दुसरी पहिलीपेक्षा बरी वाजली. त्यानंतर मागच्या पडवीत त्यांचा कारखाना सुरू झाला तो सुरूच राहिला. गणपतीच्या दिवसांत उपनगरात जेवढे ऑर्केस्ट्रे वाजत, त्यांतल्या बऱ्याच गिटारी त्या पडवीतून निघालेल्या असत.

फणसाचं लाकूड मालवणहून एसटीच्या टपावरून यायचं. ते महिनोन् महिने माळ्यावर पडून असे. कोणी घाई केली की काका म्हणत, "फणस काय दाबून पिकता?" तारांखाली जे पिकअप बसवतात, त्यांची केसासारखी बारीक तांब्याची तार ते काकींच्या शिलाई मशीनच्या चाकावर गुंडाळत. ते काम चालू असलं की काकींची शिवण आठ-आठ दिवस बंद. काकी काही म्हणत नसत. त्या फारसं कधी काही म्हणतच नसत. अगदीच गरज पडली तर जमिनीवर पाय आपटत, आणि काका वळून बघत.

मी दिवसा टेलिफोन ऑपरेटर आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारी. माझे हात लहान. बाजारातल्या गिटारींच्या माना बाप्यांच्या पंजाच्या, त्यामुळे कार्यक्रम संपेपर्यंत माझं मनगट भरून यायचं. काकांनी माझा पंजा हातात घेऊन, कासार बांगड्या भरण्याआधी दाबतो तसा दाबून पाहिला. फूटपट्टीला हात लावला नाही. "कळला," म्हणाले. पंधरवड्याने सागवानाची मान माझ्या हातात दिली, आणि माझी बोटं जन्मात पहिल्यांदा न ताणता पलीकडे पोचली. मला रडू आलं. काका म्हणाले, "रडतंस कित्या? अजून तारा लागाक नायत."

काकांना ऐकू येत नाही हे कळायला मला बरेच महिने लागले. लहानपणी कान फुटलेले, ते वाहतच राहिले. वाहत्या कानात यंत्र टिकेना, म्हणून तेही सोडलं. पण काका ही गोष्ट कबूल करतील तर शपथ. समोरचा बोलेल तेव्हा ओठ बघायचे, आणि एरवी समोरच्याला बोलूच द्यायचं नाही, अशी त्यांची युक्ती होती. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी जरा आवाज चढवला की डाफरत, "माका सगळा आयकाक येता. तू हळू बोल."

खरं तर त्यांना दातांनी ऐकू यायचं. गिटारीची कड दातांत धरली की तारेचा आवाज हाडांतून आत पोचायचा, आणि तो इतका नेमका की पिकअप जरा तिरका बसला तरी त्यांना कळायचं. एकदा मीही करून पाहिलं. कवटीत कोणी घंटा वाजवावी तसं झालं. माझा चेहरा बघून काका खूश झाले. "बघ," म्हणाले, "तुमी सगळे भायरसून आयकतास. मी आत बसून आयकतंय."

एके दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा चावता चावता ताटात परत ठेवला. गालात जिथे वर्षानुवर्षं तंबाखूची गोळी असायची, तिथे गाठ होती. मोठ्या इस्पितळात काकींबरोबर मीच गेले, कारण डॉक्टर काय म्हणतात ते काकांना सांगणार कोण? डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. खालचा एका बाजूचा जबडा काढायचा आणि मग विजेचा शेक द्यायचा. शेकाआधी तोंडातले सगळे दात काढावे लागतील, नाहीतर हाड सडतं. आणि उशीर करू नका.

हे सगळं मी काकांना तोंडासमोर तोंड आणून सावकाश सांगितलं. जबड्याचं त्यांनी मान हलवून ऐकून घेतलं. दातांचं सांगितल्यावर म्हणाले, "सगळे?"

"सगळे, काका."

"वयचे पण?"

"वरचेसुद्धा," मी म्हटलं. इस्पितळातून घरी येईपर्यंत ते जिभेने एकेक दात चाचपत होते.

त्यानंतर तारखा मिळत गेल्या आणि काका त्या चुकवत गेले. माझी गिटार व्हायची होती ना. मी म्हटलं, नको मला ती गिटार, नाहीतर अर्धवट द्या, मी तशीच वाजवीन. काकींनी देवाला कौल लावला, उपास केले, पाय आपटले. काका रंधा खाली ठेवून आम्हा दोघींना म्हणाले, "आज मी गिटारवालो आसंय. दात गेले काय मी नुसतो सुतार. आणि जबडो गेलेल्या सुताराक कोण काम देता?" गाल सुजत चालला होता. गिटार दातांत धरली की वेदनेने त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी ते धरत. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यासमोर उभंही राहवायचं नाही.

शेवटी गिटार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात जायचं ठरलं, आणि दुपारी मी खाली गेले. गिटार टेबलावर आडवी होती. काका वाकून तिची कड दातांत धरून एकेक तार छेडत होते, शेवटचं जुळवणं चाललं होतं. पलीकडे काकी बसल्या होत्या. इतके दिवस त्या बाई धीराने राहिल्या होत्या, पण त्या घटकेला त्यांचा बांध फुटला. त्यांनी डोकं खाली टाकलं ते त्या गिटारीवरच. हनुवटी फणसाच्या लाकडावर, आणि तोंडातून हुंदका.

काका दचकून ताठ झाले. आधी माझ्याकडे, मग काकींकडे बघत म्हणाले, "ह्या कोण बोलला?"

मी काकींकडे बोट दाखवलं.

मी त्या माणसाचा चेहरा तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी हात लांब करून काकींचं डोकं पुन्हा लाकडावर टेकवलं. "हयसर बोल," म्हणाले. "लाकडात बोल." आणि स्वतः पुन्हा दात लावले. माझं तिथे काही काम नव्हतं. मी चपला घालून वर निघून आले.

ऑपरेशन झालं. दात गेले, जबडा गेला, बोलणंही गेलं. कपाळ टेकवून, कानामागचं हाड टेकवून त्यांनी लाकूड ऐकून बघितलं, आणि मग हातानेच दाखवलं की आवाज लांब, फार लांब. उशीर झालाच होता. पावसाळा सरायच्या आत ते गेले.

बाराव्याला सगळे उठून गेल्यावर मी काकींजवळ बसले. त्या आपणहून बोलल्या, त्यांच्या त्या हलक्या आवाजात. "इतकी वर्षं घरात गिटारी होत्या गो. त्यांनी दात लावलेले मी रोज बघायची. लाकडात बोलायचं दोघांपैकी एकाला तरी सुचायला हवं होतं ना?"

मी पाण्याचा पेला त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"आणि त्या दिवशी बोल म्हणाले, तर मला बोलायलाच काही येईना. नळाचं पाणी गेलं ते सांगितलं. कोळणीने बांगडे कसे दिले ते सांगितलं. माहेरी पत्र टाकायचं राहिलंय ते सांगितलं. बाई, असलं काय बोलत बसले मी."

"काका काय म्हणाले?"

काकींनी पदर डोळ्यांना लावला. "काय म्हणणार? मी थांबले की लाकडावरचे दात उचलून विचारायचे, मगे? मी पुढचं सांगायची. परत थांबले की परत, मगे? अंधार पडला तरी त्यांचं आपलं चालूच, मगे? मगे?"