तिसऱ्या रांगेतली पाचवी झोपडी

ताईला प्लेगची गाठ उठल्याची दाजींची तार आली. लस टोचल्याचा दाखला खिशात घालून मी पुण्याहून गाडी धरली आणि सकाळी सोलापूरला उतरलो. शहर बरेचसे रिकामे होते. घरांना कुलपे होती. माणसे बाहेर माळावर राहायला गेली होती.

टांगा माळाच्या कडेला थांबला. "आगे नै जाता साब," टांगेवाला म्हणाला. समोर तट्ट्यांच्या (विणलेल्या बांबूच्या) झोपड्यांच्या रांगा होत्या, सगळ्या एकसारख्या. मागच्या पत्रात दाजींनी पत्ता कळवला होता: तिसरी रांग, पाचवी झोपडी. मी मोजत गेलो. पाचव्या दारातल्या म्हाताऱ्याने उठून हात जोडले.

"या पाव्हणं! सकाळधरनं वाट बघतुया. पाय धुवा."

दाजींचे कोणी वडीलधारे असतील असे समजून मी पाय धुतले. लगेच ताट आले: कडक भाकरी (वाळवून पापडासारखी केलेली ज्वारीची भाकरी), शेंगांची चटणी, दही. ताईचे विचारायला जीभ उचलेना. म्हाताऱ्याचा चेहरा प्रसन्न होता. त्यावरून मी बरे अनुमान काढले आणि जेवू लागलो.

"ह्या भाकऱ्या पोरीनंच केल्यात," म्हातारा म्हणाला. "दोन म्हशींची धार काढती. मग, पसंत हाय म्हणायची का?"

मी भाकरी ताटात ठेवली. पाणी पिऊन मी माझे नाव सांगितले, तेव्हा उलगडा झाला. मुलीला बघायला मुलाचे मामा त्या दिवशी यायचे होते, आणि मी रांग उलट्या टोकाकडून मोजली होती.

"म्हंजे तुमी मामा न्हाय?" त्याने पटका सारखा केला. "आता जेवलायसा, तर एखादं पोरगं तरी बघून द्या की!"

आत बायका हसल्या. त्यानेच मला दाजींकडे पोचवले.

दाजी शाळामास्तर. ते रोजनिशी लिहीत आणि संध्याकाळी इस्पितळाच्या तारेच्या कुंपणाशी उभे राहून ताईला वाचून दाखवत. आत जायला बंदी होती. प्रत्येक दिवसाची शेवटची ओळ 'आजचे हसू' अशी असे. एका पानावर शेळीने मुलांच्या उत्तरपत्रिका खाल्ल्या होत्या. दुसऱ्यावर एका शेजाऱ्याचे छप्पर उडून नेमके त्याच्या भांडकुदळ मेहुण्याच्या दारात पडले होते. शेवटच्या दोन पानांवर मात्र ती जागा कोरी होती.

"दोन दिवस ती उठून बसली नाही," दाजी म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस जाऊ द्या. मला काही सुचत नाही."

मी सकाळचा प्रकार सांगितला. उतरवून घेताना त्यांचा टाक दोनदा थांबला.

पाच वाजता आम्ही कुंपणाशी गेलो. ताईची खाट ओसरीत होती, तोंड भिंतीकडे. दाजींनी मोठ्याने वाचले. 'पसंत हाय म्हणायची का' या शब्दांना पांघरूण हलले. मग ताई कोपरावर उठली.

"हसवू नका हो, गाठ दुखते," ती म्हणाली. माझ्याकडे बघून तिने विचारले, "मुलगी कशी होती रे?"

"भाकरी चांगली करते."

तिसऱ्या दिवशी मी निघालो. ताईला ताप होता, पण ती रोज उठून बसत होती. गाडीत टिपणवही उघडली. माझ्या वर्तमानपत्राच्या कचेरीला प्लेगची हकिकत हवी होती. वहीत शेळी, छप्पर आणि भाकरी होती. मी त्यातले काही खोडले नाही.

महिन्याने पाकीट आले. आत रोजनिशीचे एक पान उतरवलेले होते. वरचे अक्षर दाजींचे, शेवटची ओळ ताईच्या हातची:

'आजचे हसू: इस्पितळातून एकटी चालत आले, रांग उलट्या टोकाकडून मोजली आणि म्हाताऱ्याच्या झोपडीत शिरले. मीही जेवूनच निघाले.'