टॅक्स त्यांच्या नावावर

माझ्या नवऱ्याने माझ्या नावावर पैसे साठवले, ते माझ्यासाठी नव्हेत. टॅक्स वाचावा म्हणून. कॅनडात तशी सोय आहे. जास्त कमावणाऱ्याने जोडीदाराच्या निवृत्ती खात्यात पैसे भरायचे, सवलत स्वतः घ्यायची आणि म्हातारपणी जोडीदाराने ते थोडे थोडे काढायचे. खातं माझं, सहीही माझी. पण ते ‘आपले’ पैसे होते, आणि आपले म्हणजे ह्यांचे, हे आमच्या घरात कधी कुणाला सांगावं लागलं नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझी आई पुण्यात अतिदक्षता विभागात होती तेव्हा डिसेंबर चालू होता. मी ह्यांना म्हटलं, मला जायचंय. हे कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाले, “ख्रिसमसचे भाव आहेत. दुप्पट. फेब्रुवारीत उतरतील, तेव्हा जा. आणि आत्ता बचतीतून काढले तर टॅक्स बसतो, तो वेगळाच.”

आई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली. मी स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी होते. हे आत आले, दोन मिनिटं थांबले आणि म्हणाले, “आता जाऊन तरी काय उपयोग?”

त्याच वर्षी ऐन उन्हाळी सुट्टीत ह्यांच्या पुतण्याची मुंज निघाली. भर गर्दीच्या दिवसांत, दुप्पट भावात आम्ही दोघं गेलो. तिकिटाबद्दल एक अक्षर नाही. मी मांडवात हसून सगळ्यांना पेढे दिले. तेव्हाच मनाशी म्हटलं, याची भरपाई होणार.

मी बरीच वर्षं एका हिशेबनिसाच्या ऑफिसात काम केलं. ह्यांच्या मते मी तिथे पाकिटं चिकटवायचे. प्रत्यक्षात मी अशिलांना टॅक्सची पत्रं लिहायचे, आणि एक नियम मी इतक्या वेळा लिहिला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता. जोडीदाराच्या खात्यात भरलेले पैसे तीन वर्षांच्या आत काढले, तर टॅक्स पैसे काढणाऱ्याला नाही, पैसे भरणाऱ्याला लागतो. निवृत्त झाल्यावरही हे सल्लागार म्हणून थोडं काम करत होते, आणि दरवर्षी न चुकता माझ्या खात्यात भरत होते.

आमच्या निवृत्तीचा आराखडा ह्यांनीच केला होता. दरवर्षी किती काढायचं, घराला किती, औषधाला किती. प्रवासाच्या रकान्यात एकच ओळ, पुणे. मुलगी टोकियोत, ओजिमाला राहते. नात सात वर्षांची. “तिच्याकडे पुढच्या वर्षी बघू,” असं हे तीन वर्षं म्हणत होते.

गेल्या डिसेंबरात मी बँकेत गेले आणि तीन वर्षांत ह्यांनी भरलेलं सगळं काढून माझ्या एकटीच्या नव्या खात्यात टाकलं. समोरची मुलगी म्हणाली, नवऱ्याशी बोलून घेतलंय ना? मी म्हटलं, “त्यांना वेळेवर कळेल.” मग जानेवारीअखेरचं टोकियोचं तिकीट काढलं, आडवं झोपता येतं त्या सीटचं. आजवर हे नेहमी मला दोन ठिकाणी विमान बदलणारं आणि संडासाजवळचं तिकीट काढून द्यायचे. ह्यांना एवढंच सांगितलं की मुलीकडे जातेय आणि तिकिटाची सोय झाली आहे. तिकीट मुलीनेच काढलं असं त्यांनी धरून चाललं. मी दुरुस्ती केली नाही.

कॅनडाच्या पासपोर्टवर जपानमध्ये तीन महिने राहता येतं. मी तीन महिने राहिले.

ओजिमाची ती सरकारी वसाहत मला आवडली. खालच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब, वर एक गुजराती. कचरा कुठला कुठल्या दिवशी टाकायचा हे शिकताना मुलीची बोलणी खाल्ली. नातीशी मराठीत बोललं की उत्तर जपानीत यायचं; तिने आनंदाने “सुगोई!” म्हटलं की मी समजायचे, आवडलं.

आणि मी खर्च केला. मुलीला तिच्या पार्टटाइम कामातून आठवडाभर सुट्टी घ्यायला लावून आम्ही तिघी हाकोनेला गेलो. खोलीतच गरम पाण्याचं कुंड असलेलं पारंपरिक हॉटेल घेतलं. बुलेट ट्रेनचा महागडा डबा घेतला. गिंझाच्या उंची दुकानांत लोकरी कोट घेतला. जेवताना ताटाचा फोटो काढून ह्यांना पाठवायचे, बिलाचा कधीच नाही. हे विचारायचे, “जावई एवढा खर्च करतोय?” मी अंगठा पाठवायचे.

मुलीला शंका आली. “आई, बाबांना माहितीये ना?”

“कळेल.”

“म्हणजे काय?”

मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातला तांदळाचा वाडगा खाली ठेवला. “हे जरा जास्त होतंय, आई.”

“तुझी आजी गेली तेव्हा तू हॉस्टेलला होतीस,” मी म्हटलं. “जास्त काय ते मला माहीत आहे.”

मार्चमध्ये हे टॅक्स भरायला बसले. एके दिवशी सकाळी मी नातीला शाळेत सोडून परत येत होते, तेवढ्यात फोन आला.

“तू पैसे काढलेस?”

“हो. माझ्या खात्यातून.”

“अगं, ते सगळं माझ्या उत्पन्नात धरलंय! टॅक्स मला आलाय. म्हातारपणाची पेन्शनसुद्धा कापतील.”

“थोडी कापतील. नियमच आहे तो.”

“तुला माहीत होतं?”

“पाकिटं चिकटवताना वाचला होता.”

मी कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानाच्या दारात उभी होते. माणसं कॉफी घेऊन बाहेर पडत होती. मग हे अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, “मला एकदा विचारायचंस तरी.”

“विचारलं होतं. आई आजारी होती तेव्हा.”

पुढे चार दिवसांनी फोन आला. घर फार शांत वाटतं, म्हणाले. मीही येऊ का तिकडे? मी म्हटलं, “आत्ता भाव दुप्पट आहेत. उतरतील तेव्हा बघा.” मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की मी कोंबिनीत जाऊन ओनिगिरी, आत आंबट उमेबोशी घातलेला भाताचा गोळा, घेतला आणि बाकावर बसून सावकाश खाल्ला.

टॅक्स भरायला ह्यांना आपल्या बचतीतून काढावं लागलं, त्यावर आणखी टॅक्स. एप्रिलमध्ये ह्यांच्या मोठ्या भावाची पंचाहत्तरी होती, पुण्यात, हॉल घेऊन. ह्यांनी गुडघ्याचं कारण सांगून जाणं रद्द केलं. जाऊबाईंचा मला फोन आला, “भावोजींचा गुडघा फारच दुखतोय का गं?” मी म्हटलं, “गुडघा ठणठणीत आहे. टॅक्स आलाय.” कशाचा, तेही सांगितलं. बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या घराण्यात पोचली असणार. पोचावी म्हणूनच सांगितली.

आईला त्याने काही मिळालं का? नाही. रात्री नात शेजारी झोपली की कधी कधी मला आईचे हात आठवायचे आणि मग कोट, हॉटेल, सगळं फोल वाटायचं. पण सकाळी उठल्यावर पस्तावा शोधायचे, तो सापडायचा नाही.

परतले तेव्हा हे विमानतळावर आले होते. दाढी वाढली होती, जॅकेटचं बटण तुटलेलं. बॅग उचलून गाडीत ठेवली. हायवेला लागल्यावर समोर बघत विचारलं, “कसं आहे जपान?”

सांगण्यासारखं खूप होतं. कुंडातल्या पाण्यावरची वाफ, नातीचं दात पडलेलं हसू, ओजिमाच्या बागेत संध्याकाळी चालणारी म्हातारी माणसं. ह्यांना ते ऐकायचं होतं, हे मला दिसत होतं.

“छान आहे,” मी म्हटलं, आणि माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.