लाली दुसऱ्यांदा बसली

जम्मूच्या वरच्या डोंगरातल्या एका पोस्टवर मी तीन वर्षं होतो. मी डॉग हँडलर. काम एकच होतं. सकाळी गाड्यांचा कॉन्व्हॉय निघण्याआधी रस्ता तपासायचा. सगळ्यात पुढे लाली, मागे पट्टा धरून मी, माझ्यामागे इंजिनियर्सचा नायक दिलबाग आणि त्याच्यामागे सहा जवान.

लाली तपकिरी लॅब्रॅडॉर. स्फोटकाचा वास आला की तिनं भुंकायचं नाही, उकरायचं नाही, जागेवर बसायचं. ती बसली की मी हात वर करायचा, सगळ्यांनी लांब मागे सरकायचं आणि बॉम्ब पथकाला बोलवायचं. हा ड्रिल आहे. त्यात हँडलरच्या मताला जागा नाही.

मी अजिंठ्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. मला कुत्र्यांचं काम मिळालं हे कळल्यावर वडील हसले. कुत्री सांभाळायला सरकार पगार देतं व्हय, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "एक ध्यानात ठेव. कुत्रं अडलं तर आपणबी अडायचं. त्याला कळलेलं असतं म्हणून ते अडतं."

मेरठच्या ट्रेनिंगमध्ये उस्तादांनीही तेच सांगितलं होतं. त्याचबरोबर कुत्र्याला हुकमात ठेवायलाही शिकवलं. मला दुसरं जास्त आवडलं. आज्ञापालनाच्या चाचणीत लाली युनिटमध्ये पहिली आली. मी उठ म्हटलं की ती तोंडातला घास टाकून उठायची. मला त्याचा फार अभिमान होता.

आता माझी चूक सांगतो. पोस्टवर दुपारी काम नसायचं. जवानांची करमणूक म्हणून मी रिकाम्या डब्यांची ओळ लावायचो. मी नजरेनं दाखवलेल्या डब्यापाशी लाली जाऊन बसायची. बसली की तिला चेंडू मिळायचा. जवान टाळ्या वाजवायचे. दिलबाग वाजवत नसे. "उस्ताद, इसका दिमाग खराब कर दोगे," असं तो एकदा मला म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू तुझे बॉम्ब बघ.

स्फोटक नसताना बसलेल्या कुत्र्याला चेंडू देणं हा हँडलरचा गुन्हा आहे. मला ते माहीत होतं. पुढच्याच आठवड्यात लाली रस्त्यावर दोनदा रिकाम्या जागी बसली. हे लॉगबुकात लिहायला हवं होतं. लिहिलं असतं तर तिला फेरप्रशिक्षणाला पाठवलं असतं आणि मला कारण विचारलं असतं. मी लिहिलं नाही.

त्या दिवशी आम्ही पाच चाळीसला निघालो. थंडी होती, धुकं नव्हतं. सहा पंचवीसला एका पुलियापाशी लाली बसली. रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला बांधलेला तो छोटा पूल. मी वाकून पाहिलं. माती हललेली दिसत नव्हती. त्याच वेळी रेडिओ वाजला.

"रोड पार्टी, स्टेटस बताओ. ओव्हर."

"दस मिनट. ओव्हर," मी म्हटलं.

लाली माझ्या खिशाकडे बघत होती. चेंडू खिशात होता. ही पुन्हा चेंडूसाठी बसली, असं मी धरून चाललो. पट्ट्याला झटका दिला आणि म्हटलं, "उठ. चल."

ती उठली. मी तिला तसंच शिकवलं होतं.

आम्ही पुढे गेलो. ती दर चार पावलांवर मान वळवून मागे बघत होती. दिलबाग थांबला. त्यानं विचारलं, ती बसली होती ना? मी म्हटलं, चेंडूसाठी. तो मागे फिरला आणि पुलियाच्या कडेला गुडघ्यावर बसून खाली पाहू लागला. तेवढ्यात लालीनं पट्टा माझ्या हातातून ओढून नेला. ती पळत परत गेली आणि त्याच जागी बसली. सहा एकोणतीस झाले होते.

मी ओरडलो, "लाली, इधर!"

ती हलली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं नाही.

दिलबागनं माझ्याकडे न बघता हात वर केला. जो हात मी वर करायला हवा होता. "मत बुलाओ, उस्ताद. सही बैठी है. सबको पीछे लो."

मी जवानांना पुलियापासून लांब पळवलं आणि रेडिओवर कॉन्व्हॉय थांबवायला सांगितलं. आम्ही साठेक पावलं गेलो असू, दिलबाग अजून लालीपाशीच होता. कॉन्व्हॉयसाठी दबा धरून बसलेल्या कुणीतरी लांबून वायरला करंट दिला. पुलिया राहिली नाही. दिलबाग आणि लाली राहिले नाहीत. आम्हा बाकीच्यांना खरचटलं.

सहा पंचवीसला मी हात वर केला असता तर दिलबागला जवळ जायचं कारणच नव्हतं. चौकशीत मी सांगितलं की लाली बसली आणि आम्ही लगेच पार्टी मागे घेतली. मधली चार मिनिटं मी खाल्ली. जवान तेव्हा बरेच मागे होते, झटका फक्त दिलबागनं पाहिला होता. मला सतर्कतेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी कधी भिंतीवर लावलं नाही.

हवालदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा आधी पंजाबात दिलबागच्या गावी गेलो. त्याच्या वडिलांना सगळं सांगितलं. म्हातारा उठून ट्यूबवेल बंद करून आला. मग म्हणाला, "मुझे बता दिया. अब लिख भी दे." म्हणून लिहितो आहे. माझे जुने सोबती म्हणतात, झालं गेलं, कशाला उकरतोस, तुझंच नाव खराब होईल. होऊ द्या. माझं झाकायला लालीची चार मिनिटं मी आणखी दाबून ठेवणार नाही.

आता मी गावाकडच्याच जिल्ह्यात, बजाजनगरला राहतो आणि कुत्री शिकवतो. घरची येतात, त्यांना रस्त्यावर ओढायचं नाही आणि पाहुण्यांवर उडी मारायची नाही, एवढं शिकवतो. मालकांना आधी शेकहँड हवा असतो. तो शेवटी. कारखान्यांच्या गेटसाठी वास काढणारी कुत्रीही तयार करतो. त्यांची शेवटची परीक्षा माझी स्वतःची आहे. कुत्रा स्फोटकाचा वास असलेल्या खऱ्या डब्यापाशी बसला की मी त्याला उठ म्हणतो. ओरडतो. पट्टा ओढतो. उठला तर नापास.

मागच्या महिन्यात शेंद्र्याला जाधव नावाच्या एका सिक्युरिटी ठेकेदाराच्या टायगरची परीक्षा होती. टायगर बसला. मी तीनदा ओरडलो. त्यानं कान मागे घेतले, पण बूड हलवलं नाही.

"हवालदारसाहेब, ह्ये लई आडमुठं हाय," जाधव म्हणाले. "तुमचंच ऐकत नाय, तर आमच्या गार्डचं काय ऐकंल?"

"पास आहे," मी म्हटलं.

गार्ड म्हणेल तेव्हा उठलं पाहिजे, गेटवर ट्रकांची लाईन लागते, तेवढं शिकवून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. दुसरीकडे महिन्यात शिकवून देतात, म्हणाले. मी म्हटलं, खुशाल न्या, पण उठणाऱ्या कुत्र्याच्या कागदावर माझी सही मिळणार नाही. ते टायगरला घेऊन गेले. त्यांच्या ओळखीचे आणखी दोघं यायचे बंद झाले. नाही आले तर नाही आले.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं मी लॉगबुक ठेवतो. पहिल्या पानावर कुत्र्याचं नाव नसतं. तिथं एकच नोंद असते, माझ्या हातची. पहिल्या धड्याआधी मालकाला ती वाचावी लागते.

सकाळी ६.२५. लाली बसली. हँडलरनं उठवली.

सकाळी ६.२९. लाली पुन्हा बसली. हँडलरनं बोलावली. उठली नाही. नायक दिलबागनं तिचं मानलं.