मधमाशीचं तिकीट

माझ्याकडे टपाल तिकिटांवरचे दोनशेच्या वर किडे आहेत. चतुर, नाकतोडे, फुलपाखरं. गोंदियात हा छंद कुणाला समजावून सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही. पण त्या वर्षी छंदांचं प्रदर्शन भरणार होतं, मंत्री येणार होते, आणि माझ्या मधमाशांच्या पानावर एक जागा रिकामी होती.

देवरीकडच्या जंगलातला मध आणणारी बाई आमच्याकडे वर्षानुवर्षं येते. त्या आठवड्यात तिनं एक पाकीट वाचायला दिलं. तिचा भाऊ केरळात रबराच्या मळ्यात कामाला. त्याचा मोबाईल हरवला, त्यासोबत सगळ्यांचे नंबर गेले, म्हणून त्यानं कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं होतं. मुकादमाच्या फोनवर रविवारी बोलता येईल, नंबर पाकिटामागे आहे, एवढाच मजकूर. पत्ता नव्हता. घरी पोरं फाडतील म्हणून ती पाकीट माझ्याकडेच ठेवून गेली. रविवारी येऊन फोन लावणार होती.

पाकिटावर नेमकी मधमाशी होती.

तिकीट कापून काढणं आम्हा जाणकारांत कमीपणाचं. कडांचे दाते शाबूत राहावेत म्हणून मी अख्खं पाकीट कोमट पाण्यात सोडलं. तिकीट अलगद सुटलं. पाणी निळं झालं तेव्हा कळलं की मागचा नंबर शाईचा होता.

रविवारी ती आली. मी माझाच जुना, बंद पडलेला नंबर लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला. नंबर अस्तित्वात नाही, असं सांगणारा आवाज तिनं दोनदा पूर्ण ऐकला.

"नंबर चुकीचा देला असन त्यानं," ती म्हणाली. "लहानपनापासूनच भुलक्कड आहे."

प्रदर्शनात मंत्री दोन तास उशिरा आले आणि माझ्या पानासमोर चार सेकंद थांबले. तेवढ्यात त्यांनी फुलपाखरांचं कौतुक केलं. मला प्रमाणपत्र मिळालं.

पुढच्या हंगामात तिनं मधासोबत पोळ्याचा वाळका तुकडा आणला, आत एक अख्खी माशी चिकटलेली. तुमाले माशा आवडतात म्हणून, असं म्हणाली. तेव्हा मात्र मला सगळं सांगावं लागलं. फोनचंसुद्धा.

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "बाबूजी, आमी पोळा काढतो तवा थोडासा माशीले ठेवतो. तुमी त सारा काढून घेतला."

मी तिकीट आणून दाखवलं. शिक्क्याची अर्धी गोलाई भिजलेल्या पाकिटाबरोबर मी फेकली होती, उरलेली अर्धी त्यावर होती, गावाच्या नावाची चार अक्षरं तिच्यात. भिंगातून तिनं ती पाहिली. वाचता येत नसतानाही पाहिली. त्या अक्षरांवरून अंदाज बांधून मी तिकडच्या तीन पोस्टमास्तरांना पत्रं लिहिली. मळ्यात असा कुणी कामगार आहे का, विचारलं.

आता ती पायरीपर्यंत येत नाही. फाटकातूनच विचारते, "आला का काही?"

मी नाही म्हणतो. ते खरं असतं. पण माझ्याच नंबरावर तिला एकदा फसवल्यानंतर, माझं खरं तिनं कशावरून ओळखावं?